सांगायचा राहिलेला निरोप

३ डिसेंबर १७, रविवार
मनालीचा निकाल लागला. सगळे विषय सुटले, गणित अडकलं. (यापुढे नुसतं म. लिहीन. बोटं दुखतात.) संध्याकाळी दिनेशचा तलासरीहून फोन आला. मुलगा माझाच, पण आवाज मामलेदाराचा. पुढच्या परीक्षेतही गणित राहिलं तर मुलीला घरी नेतो म्हणे, तिथल्या कॉलेजात आर्ट्सला घालतो.
म्हणजे नात जाणार. जूनमध्ये ती बॅग घेऊन माझ्याकडे राहायला आली तेव्हा मी अख्ख्या आगर गावात चिकू वाटले होते. घरात दुसरं ताट मांडायला लागले. आता ते उचलायचं?
कॉमर्सला एवढं गणित कशाला लागतं देव जाणे.

१२ डिसेंबर, मंगळ
म.ला शिकवणी मिळाली. डहाणू रोडला स्टेशनाच्या बाजूला एक रिटायर्ड बाई राहतात, दर रविवारी फुकट शिकवतात. नाव ऐकलं आणि हातातली सुरी खाली ठेवली.
कुसुम.
पूर्ण नाव लिहायचं मनात नाही, कु. पुरे. शाळेत एका तरटावर बसायचो आम्ही, ती आणि मी. सतराच्या पाढ्याला अडखळायची. मी मागून हळूच सांगायची, सतरा साते एकोणीसोत्तर. चौथीत माझा भाऊ झाला, त्याला सांभाळायला मी घरी. ती पुढे गेली, मास्तरीण झाली.
म.ला यातलं काही बोलले नाही. शिकते आहे पोर, आनंदच आहे मला. खूप आनंद आहे.

२४ डिसेंबर, रवि
म. शिकवणीहून आली ती कु.च्या कौतुकाची टोपली डोक्यावर घेऊनच. बाई रागवत नाहीत, बाई कॉफी करतात, बाईंच्या घरी भिंतभर पुस्तकं. मी भात वाढत होते. मग म्हणाली, "बाईआजी म्हणतात, माझं डोकं चांगलं आहे, पाया कच्चा आहे."
बाईआजी. तीन रविवार नाही झाले आणि आजी झाली. मी अठरा वर्षं आजी आहे, मला कोणी विचारलं नाही.
आमटीत मीठ दोनदा पडलं.

१४ जानेवारी १८, संक्रांत
पहाटे उठून तिळाच्या वड्या थापल्या. म.ने पहिला डबा कु.साठी भरला. मला हातावर एक ठेवली, पाया पडली, पळाली. डबा परत आला तो खजुराच्या लाडवांनी भरून. मी हात लावणार नव्हते. दुपारी एक खाल्ला. चांगला होता. मग आणखी एक, त्यात काय घातलंय ते कळायला.
वेलची जास्त.

२८ जानेवारी, रवि
आज म. आपणहून मला सांगत बसली. माझीच बांगडी घेतली, तिला पट्टी टेकवली. म्हणे पट्टी एका ठिकाणी टेकते ना, तिथला चढ मोजायचा. एक नग जास्त केला तर खर्च कितीने चढतो, ते त्यावरून कळतं. याला एवढी मोठी इंग्रजी पुस्तकं!
मी म्हटलं, हे वाडीतल्या बाया रोज करतात. चिकू धुवायला चौघी बसल्या की भराभर उरकतं. पाचवी आली की थोडंसंच वाढतं. सहावी आली की नुसत्या गप्पा, आणि फळाला मार लागतो. म. खूप हसली आणि वहीत लिहून घेतलं. लिहून घेतलं, माझं.
मग म्हणाली, नफा सगळ्यात जास्त कुठे, तर डोंगराच्या माथ्यावर. तिथे चढ शून्य, पट्टी आडवी होते. मी म्हटलं, आपल्या महालक्ष्मीचा सुळका बघ, टोकदार. तिथे पट्टी आडवी कुठे राहील? डगडग करेल. म.ने तो सुळका वहीत काढून ठेवला.

४ फेब्रु., रवि
म.ने माझा सुळका कु.ला सांगितला. कु. म्हणे खुर्चीतून उठलीच. म्हणाली, आजी बरोबर बोलतात, टोकदार ठिकाणी हा नियम चालतच नाही, मुलांना वर्षभर शिकवून कळत नाही. आणि विचारलं, आजी किती शिकल्या?
मला इतका आनंद झाला की शेजारच्या लक्ष्मीला हाका मारून सांगितलं. तिला काही कळलं नाही, तरी बरं बरं म्हणाली.
पण माझं नाव नाही विचारलं कु.ने.

१८ फेब्रु., रवि
कु.ने म.ला राहायला बोलावलंय! परीक्षेआधीचे पंधरा दिवस. तिच्याकडे शांत असतं, जाण्यायेण्याचा वेळ वाचतो. म. म्हणते, "बघू, आजी." या बघूचा अर्थ मला कळतो. हिच्या बापानेही लग्नाआधी असंच बघू म्हटलं होतं.
तिला स्वतःचं कोणी नाही, हे खरं. म्हणून माझं घ्यायचं? शाळा घेतली ती पुरली नाही?
हे खोडायला हवं. शाळा काही तिने घेतली नव्हती. राहू दे.

२३ फेब्रु., शुक्र
म.चा मोबाइल दुरुस्तीला टाकलाय म्हणून कु.ने दुपारी माझ्या फोनवर लावला. आवाज अजून गोड, तबल्यासारखा नेमका. म्हणाली, "रविवारी मी नाही, नाशिकला भाचीच्या बाळंतपणाला जाते, पंधरा दिवसांनी येईन. मनालीला उद्या सकाळीच पाठवा. एक महत्त्वाचं शिकवायचं राहिलंय."
मी म्हटलं, सांगते.

२५ फेब्रु., रवि
नाही सांगितलं.
म. आज गेली तर कुलूप. उन्हातून परत आली. मी तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी केली. दुपारी तिने माझ्या डोक्याला तेल लावलं, केसांत बोटं फिरवत कॉलेजातल्या मुलींच्या गोष्टी सांगितल्या. असा रविवार किती दिवसांनी.
भाकरी मात्र मी अर्धी टाकली. भाजणं कमी पडलं असेल.

३ मार्च, शनि
म. एका पानावर अडून बसली आहे. पुस्तक इंग्रजी, त्यात ते एक कलम तिला लागत नाही. आज वही मिटून म्हणाली, बाईआजी न सांगता गेल्या, एक फोन तरी करायचा. डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, असतात एकेक माणसं.
असं म्हटलं मी.

११ मार्च, रवि
कु. आल्याचं कळलं. म. जात नाही. मोबाइल वाजला तर उलटा ठेवते. राहायला जाण्याचं तर नावच नाही. म्हणजे मी जिंकले की नाही? जिंकले. मग दिनेशने फोनवर अभ्यास कसा चाललाय विचारलं तेव्हा माझी जीभ का जड झाली?
पेपर २७ तारखेला.

१३ मार्च, मंगळ
घरचे चिकू पेंढ्यात पिकवलेले घेतले, रिक्षा केली, कु.च्या दारात गेले. म.ला सांगितलं दात दाखवायला जाते.
पांढरे केस, चष्म्याला साखळी. मी म्हटलं, मी मनालीची आजी, तुमचा निरोप मी दिलाच नाही. मुद्दाम. म्हटलं एकदाचं. चिकूची पिशवी हातातच होती.
तिने दार पूर्ण उघडलं. मग विचारलं, "का?"
मी तरट सांगितलं, चौथी सांगितली, सतराचा पाढा सांगितला. साठ वर्षांचं सगळं ओतलं. तिने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं, नीट, प्रयत्न करून.
"खरं सांगू? नाही आठवत तुम्ही. सतराला मी अजून अडखळते. मागून कोणीतरी सांगायचं, एवढं आठवतं. कोण ते नाही."
इतकी वर्षं जिच्यावर जळले तिच्याकडे माझा चेहराच नाही. रागही येईना. कोणावर यावा?
मग तिने मला खुर्चीवर बसवलं. म्हणाली, मनाली येत नाही तर तुम्ही शिका आणि तिला सांगा. कागदावर माझा तो सुळका काढला, टोक घासून गोल केलं. बाजूला विहिरीसारखा खड्डा. म्हणाली, चढ शून्य माथ्यावरही येतो आणि खड्ड्याच्या तळाशीही येतो. नुसतं शून्य आलं म्हणून थांबायचं नाही. पुढे बघायचं, चढ कमी होतोय की वाढतोय. कमी होत असेल तर माथा, तिथे नफा. वाढत असेल तर तळ, तिथे बुडाले. मुलं शून्य आलं की खूश होऊन थांबतात, तिथेच मार्क जातात.
चारदा म्हणून घेतलं माझ्याकडून. चौथ्यांदा अडखळले नाही तेव्हा मान हलवली. ती मान हलवणं मी साठ वर्षं कोणाकडून तरी मागत होते. तिच्याकडून मिळावं!
दारात म्हणाली, "निरोपाचं तुम्हीच तिला सांगा. मी नाही सांगणार."
रिक्षाभर घोकत आले. कमी होत गेला तर माथा, वाढत गेला तर तळ. रिक्षावाला आरशातून बघत होता.

१४ मार्च, बुध
सांगितलं. आधी डोंगर आणि खड्डा. म.ला झटक्यात लागलं, दोन गणितं तिथल्या तिथे सोडवली, मला मिठी मारली. मग विचारलं, "तुला कोणी शिकवलं?"
इथे खोटं बोलता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं.
सगळं सांगितलं. म. उठली. वह्या बॅगेत भरल्या. तेलाची भरलेली बाटली मी बॅगेत सरकवली, ती काढून ओट्यावर ठेवली. कु.कडे राहायला गेली.

१८ मार्च, पाडवा
गुढी एकटीने उभारली. काठी तिरकी झाली. एकच ताट.

२७ मार्च, मंगळ
पेपर. कॉलेजच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. बाहेर आली, मला पाहिलं, थांबली. तोच प्रश्न आला होता म्हणे, माथा की तळ. लिहिलं, पण मध्येच खाडाखोड झाली, वेळ गेला. दुसरं एक सुटलंच नाही. पाया पडली नाही. पण उन्हात छत्री माझ्या डोक्यावर धरली रिक्षापर्यंत. मग दिनेश आला आणि सुट्टीला तलासरीला घेऊन गेला. सामान सगळं नेलं की अर्धं, ते मी खोलीत जाऊन बघितलेलं नाही.

४ मे, शुक्र
सकाळी दहाला कु.चा फोन. विसरायला नको म्हणून शब्दाला शब्द लिहिते:
"निकाल सोमवारी अकरा वाजता कॉलेजच्या बोर्डावर लागणार. मनालीने स्वतः यावं."
मी म्हटलं, म.ला तुम्हीच लावा, तुमचा फोन ती पटकन उचलते. माझ्याशी अजून दोन शब्दच बोलते. हे सांगताना पोटात जळलं, ते जायचं नाही बहुतेक. कु. म्हणाली, "मला लावता येतो. मुद्दाम तुम्हाला लावला."
मार्क तिला आधीच कळलेत का, विचारणार होते. आवाजावरून काही लागेना.
फोनवर नाही सांगणार. उद्याची सकाळची तलासरीची एस.टी. पकडते, समोर उभी राहून निरोप देते. पिशवीत चिकू घेतलेत, तेलाची बाटली घेतली. हे पान फाडून घेऊ की पाठ करू?
पाठ केलं. पानही घेतलं.