पूर्णपणे विरघळेपर्यंत

॥ श्री ॥
जळगाव, दि. १२ जून १९६७

चि. सौ. धनकुंवर हीस,
उत्तमचंदचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे आखाजीच्या सणानंतरचे पत्र पोहोचले. त्यावर तारीख नव्हती आणि तुझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांविषयीची सगळी हकीकत एकाही विरामचिन्हाशिवाय लिहिलेली होती. तरीही मजकूर कळला, याचे श्रेय मी वाचणाऱ्यास देतो. सौ. चंदनबाईंना माझा नमस्कार सांग आणि गुडघे शेकत जा म्हणावे.

कापसावरील किडीसाठी मुंबईच्या एका कंपनीने नवी भुकटी काढली आहे. तिची खानदेशापुरती एजन्सी मी घेतली. शिरपूर तालुक्याचा माल आमचे जावई सुरेशचंदजींच्या दुकानातून विकला जाईल, हे त्यांनी तुला घरी सांगितले असेलच. आईला हा व्यवसाय रुचलेला नाही. आपण पाणी गाळून पिणारी माणसे, आणि आता मरण डब्यात भरून विकणार का, असे तिने विचारले. मी तिला पिकाच्या नुकसानीचा हिशेब समजावून दिला. तिने शांतपणे ऐकून घेतला. मात्र त्या दिवसापासून ती दुकानाची पायरी चढलेली नाही.

आता कामाचे. कंपनीचे माहितीपत्रक इंग्रजीत आहे. त्याचे मराठी मी स्वतः करीत आहे आणि एका क्रियापदापाशी अडलो आहे. इंग्रज मनुष्य मीठ पाण्यात ‘डिझॉल्व’ करतो, भागीदारी त्याच शब्दाने मोडतो आणि कायदेमंडळही त्याच शब्दाने बरखास्त करतो. आपल्याकडे प्रत्येकाची सोय वेगळी आहे. साखर विरघळते, तूप वितळते, जुने लुगडे विरते. ‘विरघळणे’ या शब्दात करणारा कोठे दिसतच नाही. पदार्थ आपला आपण नाहीसा होतो. हिंदीत ‘घुलना’ आहे तसे ‘घोलना’ही आहे, आणि तेथे कोणीतरी हात हलवीत बसलेला असतो. छापखान्याचे मालक उर्दू जाणतात. तिकडे पदार्थ ‘हल’ होतो आणि त्याच शब्दाने गणितही सुटते, असे त्यांनी सांगितले. मला हे फार आवडले. गुजरातीत ‘ओगळवुं’ आहे. परंतु तूपही ओगळते, तेव्हा नवापूरकडचा एखादा गृहस्थ भुकटी चुलीवर चढवील, या भीतीने तो शब्द मी टाळणार आहे.

तुमच्याकडे अहिराणीत काय म्हणतात, ते चौकशी करून कळव. सोबत भुकटीची लहान पुडी सुरेशचंदजींसाठी पाठवली आहे. आईचे आशीर्वाद. पत्रावर तारीख घालणाऱ्या बहिणीवर माझा लोभ अधिक राहील.

तुझा,
उत्तमचंद

॥ श्री ॥
शिरपूर, दि. २१ जून १९६७ (पाहा, घातली!)

ती. भाऊंस,
धनकुंवरचा शि. सा. न. वि. वि.

तुमचे पत्र सासूबाईंना वाचून दाखवले. तुझ्या भावाला भुकटी विकायची आहे की पाठशाळा काढायची आहे, असे त्यांनी विचारले. गुडघे बरे आहेत. जीभ तर पहिल्यापासूनच बरी आहे.

अहिराणी शब्दाची चौकशी प्रमिलाबाईकडे केली. ही डोंगराच्या पायथ्याची, निंबाची बायको. बाजाराच्या दिवशी भाजी विकून झाली की आमच्या मागच्या अंगणात येते आणि मी तिला वाचायला शिकवते. साबणाच्या वेष्टनापासून सुरुवात केली. आता ती भिंतीवरच्या जाहिराती मोठ्याने वाचत जाते आणि निंबा लाजून चार पावले पुढे चालतो. ती म्हणाली की आमच्याकडे ‘इरघयनं’ म्हणतात, आणि एवढ्याशा शब्दासाठी जळगावच्या शेठला शिरपूरला पत्र टाकावे लागते, म्हणजे शेठचे शिक्षण अपुरे राहिले. मी काही तुमची बाजू घेतली नाही.

पण भाऊ, शब्द विचारता विचारता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. सासूबाईंना मारवाडीत विचारले, प्रमिलाबाईला अहिराणीत, शेजारच्या गुजराती वहिनींना त्यांच्या भाषेत. शब्द निराळे सांगितले, पण सांगताना तिघींचा हात एकच गोष्ट करीत होता. अंगठा बोटावर घासून कणी उरली का पाहायचे आणि मग बोट जिभेला लावायचे. गूळ विरघळला की नाही, मीठ विरघळले की नाही, बायकांना दुसरी रीत ठाऊकच नाही. मलाही नाही.

म्हणून मी तुमच्या पुडीतली चिमूटभर भुकटी काचेच्या पेल्यात टाकून पाहिली. पाणी दुधासारखे झाले आणि थोड्या वेळाने सगळे खाली बसले, पाण्यातला चुना बसतो तसे. ही भुकटी विरघळतच नाही, भाऊ. पाण्यात नुसती तरंगते. मग विरघळवा असे कसे लिहिता? ‘कालवा’ लिहा. आणि हात घालू नका, काठीने ढवळा, हे सर्वांत वर, ठळक अक्षरांत लिहा. पेला मी पुरून टाकला. यांना ते पटले नाही, सहा पेल्यांचा संच बिघडला म्हणाले.

आईंना नमस्कार. धाकटीचे बोलणे मनावर घेण्याइतकी माया असू द्यावी.

तुमची,
धनकुंवर

॥ श्री ॥
जळगाव, दि. ३० जून १९६७

चि. सौ. धनकुंवर हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र काळजीपूर्वक वाचले. ‘कालवणे’ हा शब्द मला मान्य नाही. वरण-भात कालवतात, आणि तो हातानेच कालवतात. म्हणजे तुला जे टाळावयाचे आहे त्याचेच तू आमंत्रण देत आहेस. भुकटी तळाशी बसते हे खरे आहे. म्हणूनच मी वाक्य असे केले: ‘भुकटी पाण्यात टाकून ती पूर्णपणे विरघळेपर्यंत सतत ढवळावे.’ ‘पूर्णपणे’ हा शब्द मूळ इंग्रजीत नाही. तो मी मुद्दाम घातला, कारण आपले लोक अर्धवट काम करून मोकळे होतात.

तुझी दुसरी सूचना मी स्वीकारली आहे. हात घालू नये, लाकडी काठी वापरावी, बोटे तोंडाला लावू नयेत, भांडे स्वयंपाकास घेऊ नये, हे सर्व पत्रकाच्या पाठीमागे छापले आहे. पुढील बाजूस वरील वाक्य आणि कंपनीचे कपाशीचे चित्र असल्याने जागा उरली नाही. ज्याला वाचता येते तो कागद उलटून पाहतोच. पत्रके छापून झाली आणि मालाबरोबर रवाना झाली आहेत. एक प्रत तुझ्या प्रमिलाबाईसाठी चांगल्या कागदावर काढून सुरेशचंदजींकडे दिली आहे. शेठच्या अपुऱ्या शिक्षणाचा नमुना म्हणून तिने ती ठेवावी.

आई हल्ली संध्याकाळी लवकर निजते. दुकानाविषयी काही विचारीत नाही. मुलांना आशीर्वाद, आणि वाद घालण्याची तुझी सवय अशीच टिकून राहो. तिच्यामुळे माझी वाक्ये नीट होतात.

तुझा,
उत्तमचंद

॥ श्री ॥
शिरपूर, दि. २२ ऑगस्ट १९६७

ती. भाऊंस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तरास उशीर झाला. पाऊस चांगला आहे, कपाशी कमरेला आली आहे आणि तुमच्या डब्यांना दुकानात उसंत नाही. यांनी तुम्हांस लिहिलेच असेल.

प्रमिलाबाईची बातमी ऐकून तुम्हांला आनंद होईल. तुमचे पत्रक यांनी परस्पर निंबाबरोबर तिच्याकडे पाठवले. तिने ते पहिल्या प्रयत्नात, कोठेही न अडखळता वाचले आणि गावात मोठाच गवगवा झाला. छापील कागद वाचणारी बाई तिच्या गावात दुसरी नाही, पुरुषही दोनच. आता गावातले सगळे आपापले डबे तिच्याच अंगणात आणतात. कागदात लिहिल्याप्रमाणे तिनेच करावे, म्हणजे चूक होणार नाही, असे निंबा सर्वांना सांगतो. पूर्वी लाजायचा, आता पुढारी झाला आहे. पोरे फाडतील म्हणून त्याने ते पत्रक कणकेच्या खळीने देवाच्या तसबिरीशेजारी भिंतीला पक्के चिकटवून टाकले आहे. तुमचा कागद देवाच्या रांगेत बसला, भाऊ!

मात्र ती मागच्या बाजारी आली तेव्हा मला बरी वाटली नाही. पाटीवर धडा लिहिताना हात कापत होता. अक्षरे दुहेरी दिसतात म्हणाली. तोंडाला सारखे पाणी सुटते, भाकरीला चव लागत नाही, असेही म्हणाली. सासूबाईंनी तिला जवळ बसवून विचारले की पुन्हा दिवस गेलेत का, तर हसली आणि म्हणाली की दिवस नाही गेले, कोंबड्या तेवढ्या गेल्या. अंगणात पाणी सांडते तिथल्या तीन कोंबड्या एकामागून एक मान टाकून बसल्या म्हणे. तुमचे औषध फार कष्टाचे आहे, असाही निरोप आहे. कितीही ढवळले तरी कणी राहतेच, आणि शेठने तर पूर्णपणे म्हटले आहे.

तिला मी सरबत करून दिले. जाताना पेला स्वतः घासून ठेवला.

आईंची प्रकृती कळवा. तुमच्या पत्राची वाट पाहण्याची सवय मोडू देऊ नका.

तुमची,
धनकुंवर

॥ श्री ॥
जळगाव, दि. २५ ऑगस्ट १९६७

चि. सौ. धनकुंवर हीस,
आशीर्वाद.

तुझे पत्र आताच वाचले. तार केली आहे. ती पोहोचेल न पोहोचेल म्हणून हे पत्र शिरपूरच्या एस. टी.च्या कंडक्टरजवळ देत आहे.

पत्रक भिंतीला चिकटवले, असे तू लिहितेस. चित्राची बाजू वर असणार. सूचना भिंतीकडे गेल्या आहेत. तिने कागद उलटलाच नसेल, त्या कधीच वाचलेल्या नाहीत. ती कणी शोधीत बसली आहे, आणि ती कणी विरघळणारी नाही, हे तू मला जूनमध्येच लिहिले होतेस.

हे पत्र हाती पडताच सुरेशचंदजींसह गाडी करून तिच्या गावी जा. तिला डब्यांपासून दूर कर, अंगावरचे कपडे बदलून साबणाने स्नान घाल आणि त्याच गाडीने धुळ्याच्या इस्पितळात ने. डबा बरोबर घे. डॉक्टरांना भुकटीचे नाव लागेल. गावातले सर्व डबे बंद करून ठेव. मी येथील दुकान आज बंद केले आहे. आईने कारण विचारले. मी सांगितले.

उत्तर तारेने दे.

उत्तमचंद

॥ श्री ॥
धुळे, दि. २७ ऑगस्ट १९६७

ती. भाऊंस,
शि. सा. न. वि. वि.

प्रमिलाबाई जिवंत आहे. हे आधी लिहिते, कारण पुढचे वाचताना तुम्ही उभे असाल.

तुमच्या तारेने आम्ही गावी पोहोचलो तेव्हा ती अंगणात घंगाळापुढे बसली होती, कोपरापर्यंत हात आत घालून. फवारणीला निघालेले लोक भोवती शांतपणे वाट पाहत होते. कोणी तिला घाई करीत नव्हते. मी हाक मारली तर तिने वर पाहिले आणि मला म्हणाली, की अक्का, आजून कनी शे. मग बोट तोंडाकडे नेऊ लागली. मी तिचा हात धरला. त्यानंतर ती कोसळली.

भिंतीवरचे पत्रक मी पाणी लावून सोडवले. खळ विरघळली, पण कागदाची पाठही तिच्याबरोबर निघाली. तुमच्या सूचना भिंतीवरच राहिल्या, उलट्या अक्षरांत. निंबा त्यांच्यापुढे उभा राहून विचारीत होता की काय लिहिले आहे. मला वाचता येत होते. मी सांगितले नाही.

डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या आहेत. डॉक्टर सुया देत आहेत. श्वास अडतो, पुन्हा चालू होतो. खात्रीने काही सांगत नाहीत. लाळ थांबली, पण बोलणे गेले आहे. मारवाडी, मराठी, अहिराणी, कशालाच उत्तर देत नाही. फक्त उजवा अंगठा बोटांवर घासते. चादरीवर, हवेत, मी हात धरला तर माझ्या तळव्यावर. परिचारिकेने हात बांधून ठेवला, तर बांधलेल्या हातानेही घासते. मी शंभरदा सांगितले की झाले, बाई, सोड आता. ती माझे मानीत नाही. मी तिची मास्तरीण आहे, कागद शेठचा आहे.

तेव्हा, भाऊ, तुम्ही मिळेल त्या गाडीने या. पैसे, फळे, दुसरा डॉक्टर, काही आणू नका. पलंगाजवळ उभे राहून, तुमचे नाव सांगून, तिच्या भाषेत तिला एवढेच सांगा की ‘बठ्ठं इरघयनं’, सगळे विरघळले. खोटे आहे हे मला ठाऊक आहे. तुम्ही आयुष्यात चुकीचा शब्द वापरला नाहीत. हा एक वापरा.

आईंना नमस्कार. येईपर्यंत आमच्यावरची माया तशीच राहू द्या.

तुमची,
धनकुंवर