गॅसजवळचा चमकीचा पडदा

सूनबाई,

१९७४ साली आमच्या शिवणवर्गाच्या बाईंनी झग्यांच्या उरलेल्या नायलॉनचे पडदे हौसेने शिवले. वर्गातल्याच स्टोव्हची ज्योत त्यांना लागली आणि जळतं कापड वितळून आतल्यांच्या अंगावर गळलं.

आज तुझ्या गॅसजवळच्या चमकीच्या पडद्याचा एक धागा सिंकमध्ये जाळून पाहिला. सुती असता तर राख झाली असती. याचा वितळून काळा, टणक मणी झाला. तुझी छोटी हल्ली स्वतः गॅसवर दूध तापवते गं! पडदा काढून कपाटात ठेवलाय. "आई, तुम्हाला फॅशनमधलं काय कळतं?" असं खुशाल म्हण, पण तो परत लावू नकोस. घरात बसवेना, म्हणून छोटीला घेऊन शेजारी गेलेय.

त्या आगीत बाई गेल्या. माझी मैत्रीण वाचली, पण तिला पुन्हा सुई धरता आली नाही. मी दाराजवळ होते, म्हणून पळाले, एकटीच.

— आई