अव्वा, तुम्ही शीकच्या हॉटेलात बसलात तेव्हा

प्रिय अव्वा,

आज बाजारातून येताना वेशीजवळ कोळशावर भाजणाऱ्या मटणाचा वास आला आणि मी भर रस्त्यात रडायला लागले. एका हातात मेथीची जुडी, दुसऱ्या हाताला तुमची नात आणि डोळ्यांतून धारा! एका बाईनं थांबून विचारलं, "काय झालं हो?" तिला काय सांगू? मटणाच्या वासानं सासूची आठवण आली म्हणून? आणि तीही अशा सासूची, जिनं जन्मात अंड्याला हात लावला नाही?

तुम्हाला जाऊन दीड महिना झाला. घरात तुमच्याबद्दल सगळं बोललं जातं, त्या हॉटेलाबद्दल मात्र कुणीच तोंड उघडत नाही. म्हणून तुम्हालाच लिहिते.

तुमच्या लिंगायत घरात मी आले ती एका अटीवर. तुमचा मुलगा आणि मी टायपिंगच्या क्लासात भेटलो, लग्न ठरवलं, तेव्हा होणारे सासरे म्हणून अप्पांनी आम्हाला देवघरासमोर उभं केलं होतं. "मांस-मच्छी सोडायची. घरात न्हाय, भायेरबी न्हाय. ज्या दिवशी शब्द मोडाल त्या दिवशी दुसरं घर बघा." मी मंगळवेढ्याची, दर रविवारी मटण शिजणाऱ्या घरातली. तरी मान हलवली, आणि खरं सांगते, ते सोडणं फार जड गेलं नाही. जड गेलं ते तुमचं गप्प राहणं. "पाणी आलं." "भाकरी झाली." वर्षभर एवढंच! मला वाटायचं, अव्वांना मी डोळ्यांसमोर नकोच आहे.

मग मला दिवस गेले. दुष्काळ नुकता सरला होता, रेशनवर ती परदेशी लाल मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी समोर आली की उलटी व्हायची. भात राहीना, ताक राहीना. चौथ्या महिन्यात माझ्या हातातून बांगड्या गळून पडायला लागल्या. डॉक्टरीणबाई तुमच्यादेखत म्हणाल्या, "हिच्या पोटात काहीतरी जाऊ द्या, नाहीतर मूल टिकायचं नाही."

त्या दिवशी दुपारी तुम्ही माझ्या अंथरुणाशी येऊन बसलात.

"काय खावंसं वाटतंय?"

"चिंच," मी म्हणाले.

"खोटं बोलू नगंस."

मी भिंतीकडे तोंड केलं. काय सांगणार होते? लग्नाआधी ह्यांच्याबरोबर दोनदा खाल्लेली शीक मला रात्रंदिवस आठवत होती. सळईवर खरपूस भाजलेलं मटण, वर लिंबू, बाजूला कांदा. शेवटी रडतच तोंडातून निघून गेलं. वाटलं, आता तुम्ही उठाल आणि अप्पांना सांगाल.

तुम्ही उठलात खऱ्या, पण पदर सारखा करून म्हणालात, "चल, ऊठ."

"अव्वा, मी शब्द दिलाय!"

"तू दिलायस. त्यानं दिलाय. मी कुटं दिलाय?"

किती घाबरले होते मी! रस्ताभर वाटत होतं, प्रत्येक माणूस आपल्याकडेच बघतोय. तुम्ही पुढे, मी मागे. हॉटेलाच्या दारात शेगडी नुकतीच पेटली होती. आत सगळे पुरुष. तुमच्या कपाळावरचा भस्माचा पट्टा बघून शेगडीजवळचे चाचा वारा घालायचे थांबले.

"अम्मा, रस्ता चुके क्या?"

"न्हाय. सुनेला शीक पायजे."

"बांध कू देतूं. घर लेके जाव."

"घरी चालत न्हाय की. ती हितंच खाईल."

 चाचांनी कोपऱ्यातल्या दोघांना उठवलं, बाक पुसला आणि मधे चादर धरू का म्हणून विचारलं. तुम्ही म्हणालात, "कशाला? चोरी हाय का?"

ताटली आली. अव्वा, तुम्ही माझ्या समोर बसला होतात. नाकाला पदर, धुरानं लाल झालेले डोळे, आणि गळ्यातल्या इष्टलिंगाची चांदीची डबी पदराआड मुठीत घट्ट धरलेली. तुमची बोटं पांढरी पडली होती. तो वास तुम्हाला सोसत नव्हता, ते मला दिसत होतं. माझा घास हातातच राहिला.

"चला अव्वा, नको मला. जाऊ घरी."

"सुम्न कुंद्रु," तुम्ही कानडीत दटावलंत. गप्प बस. "खा."

पहिला घास गिळला आणि मी वाट बघत बसले, आता उलटी होणार. झाली नाही. दुसरा घास. तिसरा. तुम्ही माझ्या गळ्याकडे बघत होतात, घास उतरतोय का ते.

आणि तेवढ्यात दारात मल्लप्पा! अप्पांच्या शेजारचा दुकानदार, रोज अप्पांबरोबर मठात जाणारा. रस्त्यावरून जाता जाता तो थबकला, दोन पायऱ्या चढून आत आला.  मी ताटली लपवायला गेले तर तुम्ही तिच्यावर हात ठेवून ती माझ्याकडे सरकवलीत.

"वैनी? तुमी? हितं?"

"व्हय, मीच. सुनेला डोहाळे लागल्यात. तिला जेवू घालाया आणलंय."

"दादाला ठाऊक हाय?"

"आता तुमी सांगालच की."

तो वळला तो तरातरा दुकानाच्या दिशेनं गेला. मी म्हटलं, अव्वा, आता काय होणार? तुम्ही चाचांना हाक मारलीत, "आजून एक आणा हो."

घरी पोचलो तेव्हा अप्पा उंबऱ्यात उभे होते. दुकान भर दुपारी बंद करून आलेले! त्यांचा आवाज चढला नाही, म्हणून जास्त भीती वाटली.

"कुणी खाल्लं?"

"सुनेनं."

"शब्द मोडला तिनं. दोघांनी दुसरं घर बघायचं."

"मी नेलं, मी खाऊ घातलं," तुम्ही म्हणालात. "घर सोडायचं असंल तर मी सोडते. वळसंगला माझ्या भावाचं दार उघडं हाय. तिला मातर ह्या दिवसांत कुटं धाडू देणार न्हाय."

संध्याकाळी हे आले, खाली मान घालून ऐकत उभे राहिले. एक शब्द बोलले नाहीत. त्याचा राग मला अजून आहे, त्यांनाही तो माहीत आहे. अप्पांनी तुम्हाला मठातल्या स्वामींपुढे जाऊन माफी मागायला सांगितलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "उपाशी पोरीला जेवू घातलं, त्याची माफी कसली?"

घर कुणीच सोडलं नाही, पण त्यानंतर अप्पांनी तुमच्याशी बोलणं टाकलं. पण एकाच घरात बोलल्याशिवाय भागतं का? मग मला हाक यायला लागली. "सूनबाई, विचार तुज्या सासूला, माजं उपरणं कुटं हाय?" वर्षभर माझ्याकडे न बघणारे अप्पा! तुम्ही दोन हातांवर बसलेल्या असायच्या, तरी मी तुम्हाला विचारायची आणि तुमचं उत्तर त्यांना सांगायची. होता होता ते उपरण्यावरून माझ्या तब्येतीवर आले. एकदा म्हणाले, "पाय सुजल्यात तुजे. बसून काम कर." मी वळून बघितलं तर तुम्ही निवडणातले खडे शोधत खाली बघून हसत होतात. बारशापर्यंत तुम्ही तो अबोला मिटू दिला नाहीत. मुद्दामच ना? कधी कबूल केलं नाहीत!

हॉटेलात मात्र तुम्ही मला आणखी दोनदा नेलंत, दिवसाढवळ्या. शेवटच्या वेळी तर चाचांनाच बजावलंत, "तिखट कमी घाला, पोटात लेकरू हाय." ते म्हणाले, "हौ अम्मा, बच्ची कू तकलीफ नक्को."

पण एक तुम्ही माझ्यापासून लपवलंत. सोमवारी मठात जाणं तुम्ही सोडलंत आणि मला सांगितलंत, गुडघे दुखतात. तिथल्या बायका तुमच्या शेजारून उठून जायच्या, हे मला परवा कळलं. एवढी वर्षं! का नाही सांगितलंत? मी तुमच्याबरोबर आले असते. उठून गेल्या असत्या तर आपण दोघी तरी बसलो असतो.

तुम्ही गेलात त्या दिवशी त्याच बायका घरात जमल्या. तुम्हाला शेवटची आंघोळ घालायला मी तांब्या उचलला, तर एकीनं माझा हात धरला. "तू भायेरची. लिंग न्हाय तुज्या गळ्यात. सर मागं." मी ह्यांच्याकडे बघितलं. ते रडत होते. मी तांब्या खाली ठेवणार, तोच दाराशी बसलेले अप्पा भिंतीला धरून उभे राहिले.

"कोण भायेरची? तिची सून हाय ती. तीच पाणी घालंल. कुणाला चालत नसंल त्यानं घरी जावं."

कुणी गेलं नाही. मी पाणी घातलं, अव्वा. कोमट होतं, तुम्हाला लागतं तसं.

आता अप्पांचा राग ताटावर निघतो. भाजीत मीठ कमी, भाकरी जाड, अव्वा असं करायची नाही, असं म्हणत ते अर्ध्यावर उठू बघतात. मी समोरच बसून राहते. तुम्हाला वचन देते, ते कितीही रागावले तरी ह्या घरातून त्यांना उपाशी उठू देणार नाही. आणि सोमवारी मठात जाणार आहे. पुढच्या रांगेत बसेन. ज्यांना उठायचं त्यांनी उठावं.

तुमची सून,
सुमन