पाच लाकडी मजूर आणि हमीदाचा परवाना

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
मजूर नोंदणी कचेरी, खाडी धक्का, शारजा.

विषय : लाकडी मजुराच्या जागी अर्जदाराच्या पत्नीस परवाना मिळणेबाबत.
संदर्भ : आपला नकार, तोंडी.

महोदय,

१. अर्जदार जहूर नूरुद्दीन परकार हा शाळेचा सुतार, राहणार रोला. आपले हेडक्लार्क शौकतसाहेब दापोलीचे, म्हणून अर्ज मराठीत आहे. ते समजावतील.

२. शाळेच्या इजिप्शियन मास्तरांनी मुलांना दाखवायला कैरोहून वीतभर उंचीच्या पाच लाकडी मूर्ती मागवल्या. पेटी जकातीतून अर्जदाराने सोडवली. 'माल कशासाठी?' या रकान्यात त्याने मास्तरांचे बोलणे जसेच्या तसे लिहिले : जुन्या इजिप्तमध्ये अशा मूर्ती मेलेल्या धन्यासोबत पुरत. परलोकात धन्याला शेतावर बोलावणे आले की त्या 'हजर' म्हणत आणि त्याच्या जागी राबत. थोडक्यात, मजुरीसाठी.

३. त्याच दिवशी पाचही जणांना मजुरीचे परवाने मिळाले. जामीनदार : अर्जदार.

४. मास्तर कुवेतला गेले. मूर्ती परत पाठवाव्यात, तर पासपोर्टाशिवाय मजूर बोटीवर घेत नाहीत. दरमहा हजेरीला अर्जदार त्यांना डब्याच्या पिशवीतून आणतो. नाव पुकारले की मूर्ती गप्प. 'हाजिर' अर्जदार म्हणतो. त्यांच्या वाटणीची कचेरीची झाडलोटही तोच करतो. मेलेल्या धन्याची जी सोय होती, ती जिवंत सुताराच्या बाबतीत उलटी फिरली.

५. पत्नी हमीदा. हातावरची मेंदी उतरण्याआधी अर्जदार इकडे आला, त्याला तीन वर्षे झाली. ती रत्नागिरीला ट्रंक भरून बसली आहे. शौकतसाहेब म्हणाले, "जहूर, हबीबी, तुझ्या जामिनावर पाच माणसं आहेत. कोटा खलास."
"त्यातल्या एकाला वाळवी लागली तर?"
"मग डॉक्टरचं सर्टिफिकेट आण."
डॉक्टरांनी सुताराकडे पाठवले. सुतार अर्जदारच. त्याने तपासले. लाकूड पक्के आहे. खोटे सांगवत नाही.

६. बदली मजूर चालतो, पण जिनसाला तोच जिन्नस हवा, लाकडाला लाकूड, असे शौकतसाहेब सांगतात. सबब एका मूर्तीच्या बदली सोबतची लाकडी बाई दाखल करून तिच्या नावे परवाना द्यावा. नाव : हमीदा.

आपला नम्र, आणि त्या पाचांच्या वतीनेही नम्र,
जहूर नूरुद्दीन परकार
शारजा, ३ ऑगस्ट १९६४

सोबत : लाकडी बाई एक, सागवान, अर्जदाराने स्वतः कोरलेली. माणसाचा चेहरा कोरणे अर्जदाराच्या धर्मात बसत नाही, म्हणून तेवढी जागा कोरी ठेवली आहे. चेहरा हमीदा बोटीने स्वतः घेऊन येईल.