ओठ दिसतील असा व्हिडिओ

अप्पा, आज दुपारी स्टुडिओत एका लग्नाचा व्हिडिओ एक्स्पोर्टला लावलाय. पडद्यावरची पट्टी सावकाश पुढं सरकतेय आणि मला तुमची हदगावची जिनिंग मिल दिसतेय. उन्हाच्या तिरिपेत कापसाची धूळ तरंगतेय, त्यातून पांढऱ्या भुवयांचे तुम्ही बाहेर येताय. तिथल्या मशिनींच्या आवाजानं तुमचे कान गेले. मग तुम्ही आमचं बोलणं ओठांवरून समजून घ्यायचात, आणि घरात सगळे तुमच्याकडं तोंड करूनच बोलायचे.

लग्न होऊन मी नांदेडला आले, व्हिडिओ एडिटिंगच्या कामाला लागले. कॉलवर चित्र अडकायचं, म्हणून कॅमेऱ्यासमोर बोलून तो व्हिडिओ तुम्हाला मोबाइलवर पाठवायची. एकदा असंच पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही एसटीनं थेट स्टुडिओत. पायात घरातली चप्पल. मोबाइल माझ्यापुढं धरून म्हणालात, "हे काय पाठवून राहिली? तू रडलीस तेवढं दिसलं. बोल काई दिसंना." सासरी काहीतरी झालं, असं तुम्ही धरून चालला होतात. मी समोर बसले आणि हळूहळू सांगितलं, की मला दिवस गेलेत. तुम्ही परत सांगायला लावलंत. टोपी काढून मांडीवर ठेवलीत. मग म्हणालात, "आता नीट करून दे. घरी बघायचंय."

तुम्हाला शेजारी बसवून मी मूळ शूटिंग उघडलं. ज्या आकारात शूट केलं होतं तोच ठेवला, ओठांची हालचाल स्पष्ट दिसावी म्हणून बिटरेट वाढवला. फाइल जड झाली. मोबाइलवरून पाठवली की ॲप तिला दाबून लहान करतं, आणि तुमच्यासाठी त्यात ओठच पुसले जातात. म्हणून पेनड्राइव्हवर दिली. संध्याकाळी आईचा फोन आला. म्हणाली, परत परत लावतायत अन् मान डोलवत टीव्हीला "हाव, हाव" म्हणून राहिलेत.

ती पोरगी आता सहावीत आहे. नुकती चालायला लागली होती, तेवढीच तुम्ही पाहिलीत. गिऱ्हाइकं म्हणतात, ताई, फाइल मोबाइलवर जाईल एवढी लहान करा. मी लहान देते, सोबत मोठीही देते.

हे लिहिलेलं कुठं पाठवायचं नाही. फक्त एक सांगते. यातलं प्रत्येक वाक्य लिहिण्याआधी मी ओठ नीट हलवून, सावकाश म्हणून बघितलंय. आवाज न काढता.