उजव्या कानातली बांग

सातारा, ११ मार्च

ती. अब्बांना नौशीनचा सलाम. वि. वि.

काल संध्याकाळी तुम्ही सांगलीत रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांच्या एतेकाफला बसलात आणि आज लगेच माझं पत्र. ईदचा चाँद दिसेपर्यंत मशिदीबाहेर पाऊल टाकायचं नाही हे मला माहीत आहे, पण पत्र वाचायला मनाई नाही. मी विचारून घेतलंय.

गेल्या वर्षी तुम्ही मोबाईल घेऊन बसलात आणि इबादतीच्या वेळी क्रिकेटचा स्कोर बघताना अम्मीला ऑनलाइन सापडलात. यंदा तुम्ही आपणहून मोबाईल तिच्या हवाली केलात, तो आता इथे तिच्या बॅगेत साड्यांच्या खाली आहे. म्हणून आपल्या गल्लीतल्या भाऊसो कंडक्टरना टपालखातं केलंय. त्यांची सातारा फेरी रोजची आहे आणि तिकीट न फाडता पत्र नेतो म्हणालेत.

डॉक्टरीणबाईंनी अठरा तारीख दिली आहे. लग्नाला आठ वर्षं झाल्यावर हे दिवस आलेत, त्यामुळे घरात कुणाचा पाय जमिनीवर नाही. प्रवास नको म्हटल्यामुळे माहेरी येता आलं नाही, तेही मी ऐकलं. पण अब्बा, एक हट्ट आहे. बाळाच्या उजव्या कानात पहिली बांग तुमचीच पडायला हवी. तीस वर्षं सगळा मोहल्ला तुमच्या बांगेवर उठतोय, मग नातवंडानेच काय घोडं मारलंय? एका दिवसापुरते उठून या. नाहीच जमलं तर इमामसाहेबांच्या फोनवरून तरी द्या. तुमच्या जावयांना, तौफिकना सांगावं तर ते चारचौघांत स्वतःचं नाव सांगतानासुद्धा घामाघूम होतात.

उत्तर उद्याच्या गाडीने हवं. माया आहे तेवढी राहू द्या, कमी केलीत तर तिथे येऊन भांडेन.

तुमची,
नौशीन

सांगली, १३ मार्च

चि. सौ. नौशीन हिस अनेक दुवा.

पत्र पोचलं. चार वेळा वाचलं, पाचव्यांदा वाचताना इमामसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं म्हणून घडी घातली. मी मजेत आहे. ताट मोहल्ल्यातून पाळीपाळीने येतं. काल बाबालालच्या घरची खीर होती, ती मी दोनदा मागून घेतली. दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी असा हात मारायचा, म्हणजे नफ्स, ही आतली हाव, केवढी बेरकी आहे बघ. पोटाला आवरलं की जिभेवर जाऊन बसते, जिभेला आवरलं की डोळ्यांत.

आता तुझ्या हट्टाचं. बेटा, येता येत नाही. मोहल्ल्यातून निदान एकाने तरी एतेकाफला बसावं लागतं, नाहीतर सगळ्यांवर बोल येतो. दरवर्षी सोबत बसणाऱ्या बाबालालच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, यंदा मी एकटाच आहे. मी उठलो तर सगळ्या गल्लीचा एतेकाफ मोडला. फोनचं म्हणशील, तर गेल्या वर्षीसुद्धा एकाच मिनिटासाठी हातात घेतला होता. बांग देऊन झाली की मी म्हणेन चेहरा दाखवा, मग म्हणेन मूठ उघडून दाखवा. मी मला ओळखतो.

खरं सांगू? तू लिहिण्याआधीच मी ती बांग मनात शंभरदा दिली होती. कुठे आवाज चढवायचा, बघणारे काय म्हणतील, सगळं ठरलेलं. तेव्हा कळलं की यात अल्लाहचं नाव थोडं आणि माझं, या दस्तगीरचं, जास्त आहे. लेकरावर माया करू नका असं आपला दीन-धर्म सांगत नाही. पण माझाच आवाज पहिला हवा, ही हाव माझी आहे. ती इथेच सोडतो. सोडताना जड जातंय, तुझ्यापासून काय लपवू.

बांग तौफिकने द्यावी. बाप आहे तो. त्याला सांग, हळू द्यायची, लेकराचा कान म्हणजे लाऊडस्पीकर नव्हे.

अम्मीचे पाय दाबत जा, ती सांगणार नाही. लोभ आहेच, आता तो वाटून घ्यायला माणूस वाढतंय.

तुझा अब्बा

सातारा, १६ मार्च

ती. अब्बांना सलाम, वि. वि.

मुलगी झाली. आज पहाटे, दोन दिवस आधीच. वजन चांगलं आहे, केस भरपूर, आणि रडणं असं की बाजूच्या वॉर्डातली माणसं चौकशीला आली. मी ठीक आहे. अम्मी सकाळपासून रडते आहे आणि मध्येच हसते आहे. भाऊसोंना फोनवर तिनेच कळवलं, ते तुम्हाला सांगतीलच, पण मला तुम्हाला स्वतः लिहायचं होतं. पडून लिहितेय, अक्षर वाकडं आलंय.

तुमचं पत्र वाचून मी एक दिवस रुसले होते. ते आता विसरा. तौफिकनी बाळाला घेतलं आणि आधी दोनदा घाम पुसला. मी म्हटलं, आता हे विसरणार. अब्बा, ते एका जागी अडखळले नाहीत. हळूच, पण तुमच्यासारखीच लांबण, तुमच्याच जागी श्वास. आणि शेवटच्या अल्लाहु अकबरच्या आधी तुम्ही घसा खाकरता ना, तसे तेही खाकरले!

मी विचारलं, खोकला झालाय का? तर गोंधळून म्हणाले, नाही, तिथे खाकरायचंच असतं ना? कॉलेजला असताना ते आपल्या मशिदीमागच्या खोलीत राहायचे. तुमची बांग ऐकत ऐकतच शिकले. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की ते खाकरणंही बांगेतच आहे. अम्मी तोंडात पदर कोंबून बाहेर पळाली. मला मात्र रडू आलं. पोरगी तेवढ्यात गप्प झाली होती आणि एक डोळा उघडून बघत होती.

आता लवकर या. तुमच्या दुवेतला मोठा वाटा तिला द्या, उरला तर मला.

नौशीन

सांगली, २० मार्च

चि. सौ. नौशीनला आणि तिच्या लेकीला पोटभर दुवा.

सोळा तारखेला भाऊसो रस्त्यातूनच ओरडला की चाचा, पोरगी झाली. मी कसा उठलो, कळलं नाही. भान आलं तेव्हा एक पाय चपलेत आणि दुसरा उचललेला. भाऊसोनेच हात आडवा केला. म्हणाला की आवं चाचा, आत व्हा, एवढं दिस काढलासा, आता मधल्या स्टॉपला उतरू नगासा. गाडीच्या पायरीवरून उतारूला आत ढकलावं तसं त्याने मला आत ढकललं. चप्पल अजून उंबऱ्याच्या आतच होती, देवाची कृपा.

खाकरण्याचं वाचून इमामसाहेबांना दाखवलं, ते तासभर हसले. त्या दिवसापासून मी न खाकरता बांग द्यायला बघतोय. जमत नाही.

काल पाडवा होता. भाऊसोच्या बायकोने, मनुबाईने इफ्तारला श्रीखंड पाठवलं. एकोणतिसावा रोजा, म्हणजे चाँद दिसला तर सुटका. आयुष्यात पहिल्यांदा मी रमजान लवकर संपावा म्हणून दुवा मागितली, नफ्स आणखी काय वेगळी असते? पिशवी भरून ठेवली होती. चाँद दिसला नाही. सगळी गल्ली हळहळली, आणि मी पिशवीतली टोपी पुन्हा डोक्यावर घातली. रात्री मात्र शांत वाटलं. एक दिवस जास्तीचा मिळाला, तो सगळा तिच्या नावाने काढतोय.

आज तीस पूर्ण होतात. सूर्यास्ताला मगरिबची बांग देऊन बाहेर पडणार. तौफिकला सांग, त्याने दिलेली बांग मला एकदा माझ्या कानात ऐकायची आहे, खाकरण्यासकट.

हे पत्र भाऊसोकडे देत नाही. त्याच्या गाडीत मीच बसतोय, आल्यावर हातात देतो.

तुझा अब्बा