करुणा, ऊठ

१६ नोव्हेंबर
पोचले एकदाची. साखऱ्याहून जीपनं सेनगाव, सेनगावहून एसटीनं हिंगोली, आणि स्टँडवरून पायी मोंढ्यामागच्या गोडाऊनपर्यंत. नाटक कंपनी म्हटल्यावर मला वाटलं होतं, दारावर रंगीत पाटी असेल. दारावर 'येथे लघवी करू नये' एवढंच लिहिलंय. पूर्वी इथं हळद साठवायचे. भिंतीला टेकलं की पाठ पिवळी होते. पडद्यांना हळदीचा वास, चहालाही हळदीचाच. मला मात्र सगळं आवडलं. दिवसभर हळद लागलेल्या नवरीसारखी हिंडले.

कंपनी म्हणजे तीन माणसं. जळबामामा मालक, साठीच्या पुढचे, खांदे पडलेले. एके काळी पंचवीस माणसं आणि स्वतःचा ट्रक होता म्हणे. आता शाळाशाळांतून भरदुपारी बालविवाहाचं नाटक करतात. मिनाताई त्यात आई होते आणि सगळ्यांना रंगही लावते. भावसिंगदादा तांड्यावरचा, तो बाप होतो, पेटी वाजवतो आणि जीपही चालवतो. लेकीचं काम करणारी पोरगी लग्न होऊन गेली. पण एकोणिसाव्या वर्षी, हे मिनाताईनं दोनदा सांगितलं.

मामांनी आधार कार्ड मागितलं. अठराच्या आतली पोरगी ठेवली तर पोलीस दारात येतात. मला अठरा व्हायला अकरा जानेवारी उजाडावी लागेल. म्हणून करुणाचं कार्ड दिलं. करुणा माझी मोठी बहीण. दोन वर्षांमागं तुरीच्या रानात अंगावर वीज पडून गेली. आमची चेहरेपट्टी एकच, आणि त्या कार्डावर तसेही सगळे सारखेच दिसतात. मामांनी विचारलं, तुझी माय ह्याच नावानं हाक मारती ना? मी व्हय म्हणाले. अगदीच खोटं नाही ते. आई झोपेतसुद्धा तेच नाव घेते. मला ती 'लहानी' म्हणते, म्हणायची झालीच तर. मी शिवणकाम शिकायला जाते म्हटलं, तर तिनं मान वर करूनही पाहिलं नाही.

माझं खरं नाव या वहीत लिहिणार नाही. मिनाताईचा हात सगळ्यांच्या पिशव्यांत असतो. अकरा जानेवारीला सगळं खरं सांगून टाकायचं आणि मग इथं मोठ्या अक्षरात लिहायचं. तोवर मी करुणा.

१९ नोव्हेंबर
तालीम. नाटकात लेक शेवटी बाळंतपणात मरते. पांढऱ्या चादरीखाली पडून राहायचं, मिनाताई ऊर बडवते आणि पडदा पडतो. सोपं काम आहे. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला पडून राहायला सांगतंय, नाहीतर घरी सारखं ऊठ, शेण काढ.

आज मामांनी एक रीत सांगितली. मेलेल्याचं सोंग घेतलं की पडदा पडल्यावर आपल्या मनानं उठायचं नाही. मालक येणार, तोंडावर पाणी शिंपडणार आणि खऱ्या नावानं तीनदा हाक मारणार. तिसऱ्या हाकेला उठायचं. मामांना त्यांच्या वडिलांनी हे शिकवलं, वडिलांना त्यांच्या उस्तादांनी. मी विचारलं, तसंच उठलं तर काय होतं? मामा म्हणाले, मग उठलंय ते आपलंच माणूस हाय का, हे कसं कळायचं? मला हसू फुटलं. मिनाताई सुपारी कातरत होती, ती हसली नाही.

२५ नोव्हेंबर
पहिला प्रयोग, कळमनुरीकडच्या एका शाळेत. पोरं-पोरी पटांगणात मांडी घालून बसलेली, डोक्यावर बाराचं ऊन. एकही वाक्य विसरले नाही. मी मेले तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोन मुली रडल्या. मला इतका आनंद झाला की चादरीखाली हसू दाबावं लागलं.

मग पडदा पडला. पाणी शिंपडलं. करुणा, ऊठ. करुणा, ऊठ. तिच्या नावाची हाक मोठ्यानं, जिवंत माणसाला मारावी तशी, दोन वर्षांत पहिल्यांदा ऐकली. तिसऱ्या हाकेला मी उठले. पण दुसऱ्याच हाकेला माझ्याशेजारी चादर हलल्यासारखी वाटली. भावसिंगदादाचा पाय लागला असेल.

४ डिसेंबर
नऊ दिवसांत सात प्रयोग. अंगात त्राण नाही. काम काही अवघड नाही, तरी चादरीखालून उठताना रोज थोडं जड जातं. मामा मात्र खूश आहेत. म्हणाले, इतकी गप पडलेली पोरगी मी उभ्या जन्मात पाह्यली न्हाई, पोटसुदा हलत न्हाई तुझं. एका मास्तरीणबाईनं तर घाबरून माझी नाडी पाहिली.

मिनाताई वेणी घालताना म्हणाली, केस काहून करपले गं तुझे? टोकं खरंच आखडली आहेत. वासही येतो. मी म्हणाले, चुलीशी बसले होते. बसले नव्हते.

१२ डिसेंबर
जेवताना मिनाताईनं हातावर चापट मारली. डाव्या हातानं जेवत होते मी. मला कळलंच नाही.

करुणा डावखुरी होती. आई रोज तिला त्यावरून बोलायची, उजव्या हातानं जेव गं, लोक काय म्हणतील. करुणानं शेवटपर्यंत ऐकलं नाही. हट्टी होती. माझ्या वाटणीची बोरंसुद्धा खायची आणि वर मलाच चिडवायची. मला तिची आठवण येते, असं मी कोणाला कधी सांगितलं नाही. आईच्या दुःखापुढं माझ्या दुःखाला घरात जागा नव्हती.

१९ डिसेंबर
आजचं लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

तिसरी हाक झाली आणि ती उठली. मी पडलेलेच. तोंडावर चादर, पाठीखाली फरशी. चादरीच्या कडेतून माझेच पाय चालत जाताना पाहिले, माझेच पैंजण. मामा त्या पायांना म्हणाले, बराबर केलंस बेटा. ओरडायला गेले तर तोंड माझ्याकडं नव्हतं. जीपमध्ये बसेपर्यंत कधीतरी परत आत आले. किती वेळ गेला कळलं नाही.

ऊन लख्ख होतं. पोरं खिचडीच्या रांगेत उभी होती. अशा वेळी असं काही होतं का?

२४ डिसेंबर
सांगून टाकावं का? आज दोनदा मामांपाशी गेले. ते फोनवर होते. फेब्रुवारीपर्यंतचे प्रयोग ठरले आहेत. पाच वर्षांत असं झालं नव्हतं. नवीन चादर आणली. मला जवळ बसवून म्हणाले, पोरी, तुझ्यात कला हाय, कंपनी पुन्हा उभी राहती आता. हे मला कोणी कधी म्हटलं नव्हतं. आता सांगितलं तर परत साखरा, परत शेण आणि आईची पाठ.

अठराच दिवस राहिले. तेवढे निघतील. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात, इथं रोज मीच मरतेय.

२ जानेवारी
आता प्रयोगानंतर संध्याकाळपर्यंत परत येता येत नाही. ती जेवते, हसते, भावसिंगदादाच्या पेटीवर गाते. मी कधी गायले नाही. सगळ्यांना ती आवडते.

मी कुठंही असले तरी पाठीखाली फरशी लागते. जीपमध्ये, जेवताना, सगळीकडं. आणि तोंडावर कापड.

उजवा हात तेवढा माझा आहे. तिला तो लागत नाही. म्हणून लिहिता येतं.

७ जानेवारी
चिठ्ठी लिहिली. मी करुणा नाही. करुणा मेली आहे. तुम्ही तिला उठवताय.

मामांनी चिठ्ठी दोनदा वाचली. रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, किती प्रयोग झाले गं आपले? मिनाताई म्हणाली, एकतीस. म्हणजे त्र्याण्णव हाका.

मामा म्हणाले, खरं नाव सांग, आत्ता झोपवतो, आत्ता उठवतो. मी तोंड उघडलं. करुणा, ती म्हणाली. मग कागद पुढं केला. हात थांबला. शाळेचा पट आठवला, बाईंचा आवाज आठवला, हजेरीत कितवी होते ते आठवलं. नाव —

दोन वर्षं कोणी हाकच मारली नाही त्या नावानं.

८ जानेवारी
मामांनी घरी फोन लावून दिला. म्हणाले, मायला विचार, माय विसरती का कधी?

मी नुसतं 'आई' म्हणाले. आवाज तिचा होता.

पलीकडून आई म्हणाली, करुणा? बाई, कुठनं बोलून राहिलीस तू?

मला फोन ठेवता आला नाही. आई रडत होती. आनंदानं —

१० जानेवारी
मामा उद्या साखऱ्याला जाणार. माझं कार्ड घरी आहे, पत्र्याच्या पेटीत. ते आणतील. वाचतील. तीनदा.

आज प्रयोग होताच. मामा म्हणाले, एवढा एक, शब्द दिलाय शाळेला. आणि हाक? हाक मारल्याशिवाय कोणीच उठलं नसतं. म्हणून मारली. तिच्याच —

११ जानेवारी
आज अठरा पूर्ण.

दुपारी मामा आले. आई बरोबर होती. हातात पिशवी, पिशवीत माझं कार्ड. मामा म्हणाले, वाटंत नाव विचारलं तर लहानी, लहानी एवढंच म्हणती. कार्डही हातात देईना. आधी माझी पोरगी दाखवा म्हणती.

आईनं पाहिली. करुणाच्या गळ्यात पडली. केसांचा वास घेतला. करपलेल्या केसांचा.

मामांनी तिला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. आईनं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, दोघीतली एकच उठंल का? मामा म्हणाले, व्हय. अंग एकच हाय.

आईनं कार्ड काढलं. तिला वाचता येत नाही, मला वाटलं मामांना देतेय. दारात पाण्याची चूल पेटलेली होती. तीत टाकलं.

मामा म्हणाले, उद्या सोमवार, शाळा उघडती, मी हिच्या गावच्या शाळेत नाव विचारून येतो. आई म्हणाली, काहून? एवढंच. मामा उभे राहिले. मग खाली बसले. म्हणाले, थकलो गं बाई मी. उद्या दोन प्रयोग आहेत.

राग येत नाही मला. खूप थकले आहे. दोन वर्षांनी आई हसली, ते पाहिलं. ती माझ्यासाठी हसावी असं फार वाटत होतं. फार.

पण उजवा हात आहे. आणि आत्ता, कार्ड जळताना — नाव आठवलं! आठवलं. लिहून ठेवते. ज्याच्या हाती ही वही पडेल त्यानं मोठ्यानं, तीनदा —

आई ताट वाढून राहिली. हाक मारतेय. करुणा, ये बाई. म्हणतेय, आज तरी उजव्या हातानं जेव —

ती हो म्हणाली. कधी ऐकलं नाही तिनं आईचं, आजच —

थांब गं करुणा. एवढं लिहू दे. माझं नाव